रेन्वार यांची बोटे आणि रक्तातली खूण

पेणच्या गणेशमूर्तींची आखणी, त्यातही डोळ्यांची, हा सारा बोटांचा खेळ. ती बोटेच आखडली तर? फ्रेंच चित्रकार ऑगुस्त रेन्वार यांच्यावर ती वेळ आली होती.

रेन्वार यांचा जन्म १८४१ चा, लिमोज गावचा. वडील शिंपी, परिस्थिती बेताची. तेराव्या वर्षी ते चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवू लागले. १८७४ मध्ये मोने आदी मित्रांसोबत त्यांनी पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात चित्रे मांडली. पन्नाशीच्या सुमारास सांधे धरू लागले. १८९७ मध्ये सायकलवरून पडून उजवा हात मोडला, पुढे दुखणे बळावले. उबदार हवेसाठी ते दक्षिण फ्रान्समध्ये राहायला गेले. अखेरची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून हातांना पट्ट्या बांधत, कुंचला दुसऱ्याने बोटांत अडकवून द्यावा लागे. तरीही १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे रंगवणे सुटले नाही.

हा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. त्यांच्या हयातीत याची रक्ततपासणी नव्हती. नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० मध्ये रुग्णांच्या रक्तातील ज्या घटकाचे वर्णन केले, तोच आजचा आरए फॅक्टर. अँटी-सीसीपी ही अधिक नेमकी तपासणी २००० च्या आसपास आली. ही प्रतिपिंडे काही जणांत सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीही सापडतात.

मात्र रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. उतारवयात किंवा क्षयरोग, हिपॅटायटिस सी यांसारख्या आजारांत आमवात नसतानाही आरए फॅक्टर वाढलेला दिसू शकतो. उलट, काही रुग्णांत दोन्ही तपासण्या निगेटिव्ह येतात आणि आमवात तरीही असतो. म्हणून डॉक्टरांनी सांधे हाताने तपासणे महत्त्वाचे.

सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि हे काही आठवडे चालू असेल, तर पेण-रोह्यातल्या वाचकांनी तेल, शेक आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांत वेळ दवडू नये. मेथोट्रेक्सेटसारखे औषध लवकर सुरू झाले तर सांध्यांची झीज बरीच रोखता येते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. रेन्वार यांच्या काळी यातले काहीच नव्हते.