रविवारचा मानकरी

आज सकाळी आपण सारेच जरा उशिरा उठलो असू. दुसरा चहा झाला असेल आणि दुपारी मटण की मासळी, याचा निकालही लागला असेल. हा निवांत रविवार काही आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या घरी तो आला १० जून १८९० च्या ठरावाने, आणि त्यासाठी सहा वर्षे खपलेल्या माणसाचे नाव होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. खुर्चीची नोकरी होती, स्वस्थ बसता आले असते. पण जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे पाणी प्यायलेला हा माणूस स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले.

तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य हेच घड्याळ. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. मोठ्या सणावारी गिरणी बंद राही, आठवड्याची सुट्टी मात्र नाही. बाप पहाटे निघे तेव्हा मुले झोपलेली, परते तेव्हा पुन्हा पेंगुळलेली. अनेक घरांत आईही गिरणीतच.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला त्या एखाद्या संसारी माणसाने रात्री दिव्याखाली बसून मांडल्यासारख्या वाटतात. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती, म्हणजे भाकरी उभ्याने खावी लागू नये. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

यात आठ तासांची मागणी नाही, क्रांतीची भाषा नाही. पण पगाराच्या तारखेची मागणी पाहा. माझे आजोबा साचेखात्यात होते आणि वाण्याची वही हे आमच्या घरातले सर्वांत धाकाचे पुस्तक होते. पगार लांबला की उधारी वाढते आणि सावकार दारात येतो, हे आजीला कुणी शिकवावे लागले नव्हते. ही व्यथा लोखंड्यांनी सरकारदरबारी नेली, हे मला त्यांचे मोठेपण वाटते.

मालकांनी दाद दिली नाही. राष्ट्रीय वृत्तीची अनेक पत्रेही विरोधात होती. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नको, म्हणूनच त्यांना इथल्या मजुरांचा कळवळा येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच खोटाही नव्हता. पण त्यामुळे चौदा तास राबणाऱ्याची पाठ दुखायची काही थांबत नव्हती, आणि लोखंडे त्या पाठीच्या बाजूने उभे राहिले.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रिया भाषणाला उभ्या राहिल्या. त्या काळी ही केवढी गोष्ट! पुढच्याच जूनमध्ये मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने ती पक्की केली आणि बायकांचे काम अकरा तासांवर आणले. खंडोबाचा वारही अनायासे सुट्टीचा झाला. त्या बायकांचा रविवार धुण्या-दळण्यातच गेला असणार, ते वेगळे सांगायला नको.

लोखंड्यांच्या मिल हँड्स असोसिएशनला ना वर्गणी होती, ना सभासदांची यादी, ना नियमावली. म्हणून काही अभ्यासक तिला युनियन मानायला तयार नसतात. मानू नका, रविवार तर मिळाला! १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर राणीच्या बागेत दोन्ही समाजांना एकत्र बसवायलाही हेच पुढे होते. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले.

१८९६ च्या सप्टेंबरात प्लेग आला तो मांडवीत, जिथे त्यांनी नोकरी केली होती तिथेच. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला त्याच रोगाने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई तशाच गेल्या. त्या दिवसांत गिरणगाव ओस पडत होते. कोकणातले आणि घाटावरचे कामगार बायकामुलांना घेऊन मिळेल त्या आगबोटीने, मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले होते.