क्रूसाचे संत योहान

पैठण क्षेत्री श्री एकनाथमहाराज भक्तिमार्गाचा उपदेश करीत होते, त्याच काळी स्पेन देशात एक ख्रिस्ती साधू भगवंताच्या विरहाची गीते रचीत होते. ख्रिस्ती जगत त्यांस क्रूसाचे संत योहान या नावाने ओळखते. त्यांचा पंथ निराळा, उपासनाही निराळी. तथापि ज्या घरांत विरहिणी आणि गौळणी आवडीने गाइल्या जातात, तेथे हे चरित्र परके वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

योहानांचा जन्म १५४२ साली फोन्तिवेरोस या खेड्यात झाला. वडील रेशमाचा व्यापार करणाऱ्या सधन कुळातील. परंतु एका निर्धन विणकर स्त्रीशी विवाह केल्यामुळे कुळाने त्यांस दूर लोटले. योहान लहान असतानाच वडील निवर्तले व मातेने माग चालवून कष्टाने मुलांस वाढविले. प्रेमाचे मोल किती द्यावे लागते, याचा धडा योहानांस घरातच मिळाला. पुढे रुग्णालयात रोग्यांची सेवा करीत त्यांनी विद्या संपादिली आणि १५६३ साली कार्मेल संघाची दीक्षा घेतली.

१५६७ साली त्यांची साध्वी तेरेसा यांच्याशी भेट झाली. संघात शिरलेली सुखासीनता दूर करून दारिद्र्य, मौन व ध्यान यांचा आचार पुन्हा सुरू करावा, अशी त्या साध्वीची तळमळ होती. योहान त्या कार्यास मिळाले व १५६८ साली दुरुएलो येथे एका मोडक्या घरात नव्या आचाराचा मठ सुरू झाला.

ही सुधारणा जुन्या संघबंधूंस रुचली नाही. २ डिसेंबर १५७७ च्या रात्री त्यांनी योहानांस धरून तोलेदो येथील मठात नेले व एका अरुंद कोठडीत कोंडले. उजेडासाठी भिंतीत उंचावर एक फट तेवढी होती. अन्न अपुरे, वस्त्र एकच आणि वर संघबंधूंच्या हातचे फटके. सुधारणा सोडल्यास सुटका होती. योहानांनी ती नाकारली.

त्या अंधारातच त्यांच्या काव्याचा उगम झाला. पुढे एका दयाळू पहारेकऱ्याने कागद व शाई दिली. बायबलातील गीतरत्नाच्या धर्तीवर त्यांनी जीवास वधू व भगवंतास वर कल्पिले. वधू डोंगरदऱ्यांत प्रियकरास शोधीत फिरते. आपणांस कोंडणाऱ्यांविषयी त्या काव्यात एकही कटू शब्द नाही. नऊ महिन्यांनी, १५७८ च्या ऑगस्टात, पांघरुणाच्या पट्ट्यांचा दोर करून ते रात्री खिडकीतून उतरले व तेरेसांच्या पंथातील भगिनींच्या आश्रयास गेले.

पुढे आपल्या ग्रंथांत त्यांनी आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीचे विवेचन केले. प्रार्थनेतील गोडी नाहीशी होते, तेव्हा देवाने आपणांस टाकले असे साधकास वाटते. वस्तुतः माता बालकाचे दूध सोडवून त्यास चालावयास शिकविते, तसाच तो प्रकार होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

अखेरच्या वर्षी त्यांच्याच नव्या पंथाने त्यांस अधिकारपदावरून दूर केले. आजारी पडल्यावर, जेथे स्नेही होते ते गाव सोडून, जेथे कोणी ओळखीचे नव्हते ते उबेदा त्यांनी निवडले. तेथील मठाधिपती प्रथम कठोरपणे वागले. शेवटी त्यांनीच क्षमा मागितली. १४ डिसेंबर १५९१ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, योहानांनी देह ठेवला. मरणसमयी प्रार्थना सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी गीतरत्न वाचावयास सांगितले, असे सांगतात. १७२६ साली त्यांस संतपद देण्यात आले.

नित्याची पूजा, नित्याचे नामस्मरण चालू असूनही मन कोरडे राहते, असा काळ आम्हा सर्वांच्या वाट्याला येतो. त्या काळी पूजा सोडू नये. विरह हासुद्धा प्रेमाचाच एक प्रकार आहे, हे या चरित्रावरून आम्ही शिकावे.