'र' टाळून बोलणारा वक्ता : वासिल इब्न अता

वर्गात वाचन घेताना एखादे मूल आपली पाळी आली की मान खाली घालते. 'घर' ऐवजी 'घल' म्हणते, 'राजा' ऐवजी 'लाजा' म्हणते, आणि इतर मुले हसतात. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशा एका मुलाला आम्ही तोच शब्द सर्वांसमोर पुन्हा पुन्हा म्हणायला लावीत असू. त्याचा 'र' काही सुधारला नाही, मात्र ते मूल वर्गात बोलेनासे झाले. चूक आमची होती. म्हणून आज आम्ही वाचकांना अशा एका पुरुषाचे चरित्र सांगतो, ज्याला जन्मभर 'र' म्हणता आला नाही, तरी जो आपल्या काळचा नामांकित वक्ता ठरला.

आपल्या बेटावरचे मुसलमान शेजारी हजला जातात तेव्हा मदिनेलाही जाऊन येतात. आज सौदी अरेबियात असलेल्या त्या मदिनेत सुमारे इ. स. 700 साली वासिल इब्न अता यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते इराकमधील बसरा शहरी गेले व हसन अल-बसरी या थोर धर्मगुरूंच्या मंडळीत बसू लागले. महापाप करणारा माणूस श्रद्धावान की श्रद्धाहीन, हा त्या काळचा पेटता वाद होता. असा माणूस दोहोंच्या मधल्या अवस्थेत असतो, असे वासिल यांचे मत पडले. याच वादावरून ते गुरूंच्या मंडळीतून बाजूला झाले, असे परंपरा सांगते. त्यांच्या अनुयायांना मुअतझिली, म्हणजे बाजूला झालेले, हे नाव पडले. हा पंथ पुढे बुद्धिवादासाठी प्रसिद्ध झाला. वासिल यांनी खुरासान, येमेन व उत्तर आफ्रिकेपर्यंत प्रचारक पाठविले.

लोक त्यांना अल-गझ्झाल, म्हणजे सूतवाले, म्हणत. सूत विकायला येणाऱ्या गरीब स्त्रियांना ओळखून दान देता यावे म्हणून ते सुताच्या बाजारात बसत, असे सांगतात.

ज्याला मत पटवून द्यायचे, त्याला बोलावे तर लागणारच. आणि अरबीत 'र' पावलोपावली येतो. वासिल यांनी यावर एकच उपाय केला. 'र' असलेला शब्दच वापरायचा नाही. गव्हाला 'बुर्र' न म्हणता 'कम्ह' म्हणायचे, पावसाला 'मतर' न म्हणता 'गैथ' म्हणायचे. इ. स. 744 च्या सुमारास इराकच्या सुभेदारासमोर नामवंत वक्त्यांची भाषणे झाली. वासिल शेवटी उभे राहिले, पूर्वतयारीशिवाय बोलले, आणि साऱ्या भाषणात एकही 'र' येऊ दिला नाही. जन्मांध कवी बश्शार इब्न बुर्द याने त्या भाषणाची स्तुती केली. पुढे दोघांचे बिनसले. बश्शारने त्यांच्या लांब मानेची टिंगल केली, तेव्हा वासिल यांनी त्याचा कडक निषेध केला; पण बश्शार हे नाव न घेता आणि 'र' न उच्चारता. इ. स. 748 मध्ये ते वारले. पुढच्या शतकात बसऱ्याचाच लेखक अल-जाहिझ याने उच्चारदोषांची चर्चा करताना त्यांची ही हकीकत सविस्तर लिहून ठेवली.

यातून आम्ही शिक्षकांनी व पालकांनी काय घ्यावे? वासिल यांची भाषा पूर्ण शाबूत होती. अडचण फक्त जिभेच्या एका हालचालीची होती. याला उच्चारदोष म्हणतात. भाषादोष वेगळा. त्यात मुलाला शब्द सापडत नाही, वाक्य जुळत नाही किंवा ऐकलेले कळत नाही. प्रौढांत पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर बोलणारा माणूस शब्दांना मुकतो. पॅरिसचे डॉक्टर ब्रोका यांनी 1861 मध्ये अशा रोग्याच्या मेंदूतील बिघडलेली जागा दाखविली. मुलांत कमी ऐकू येणे, फाटलेली टाळू, मेंदूच्या वाढीतील फरक किंवा घराण्यातून आलेला कल ही कारणे असू शकतात. आळस हे कारण नव्हे. घरी क्रेओल, शाळेत फ्रेंच व इंग्रजी आणि आमच्या वर्गात मराठी, या चार भाषांमुळेही दोष उत्पन्न होत नाही. फ्रेंचचा 'र' पडजिभेजवळ होतो, मराठीचा जिभेच्या टोकाने. फ्रेंच वळणाचा 'र' मराठीत आला तर तो केवळ सवयीचा फरक समजावा.

'र' हा मुलांना उशिरा जमणारा वर्ण आहे. पाच-सहा वर्षांपर्यंत तो चुकला तर घाबरू नये. त्यानंतरही चुकत राहिला, किंवा मूल शब्दांसाठीच अडखळत असेल, तर प्रथम कान तपासून घ्यावेत व वाचादोषतज्ज्ञांना दाखवावे. अशा मुलाचे वाचन एकट्याने, शांतपणे घ्यावे.

वासिल यांना मदत करणारे कोणी नव्हते, म्हणून त्यांना जन्मभर शब्द चाळून बोलावे लागले. आपल्या मुलांवर ती वेळ आणू नये. 'मराठी' आणि 'मॉरिशस' या दोन्ही शब्दांत 'र' आहे. आपल्या भाषेचे व आपल्या देशाचे नाव घेताना कोणत्याही मुलाला मान खाली घालावी लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.