बदलत्या दीर्घिकांचा हिशेब मांडणारी शास्त्रज्ञ

विश्वाचे प्रसरण होत आहे, हे १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दाखवून दिले. हे प्रसरण पुढे थांबणार की अव्याहत चालू राहणार, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. १९६०च्या दशकात अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन सँडेज त्याचा शोध घेत होते. दीर्घिकांच्या समूहातील सर्वांत तेजस्वी दीर्घिका सगळीकडे सारख्याच तेजाच्या असतात, असे त्यांनी गृहीत धरले होते. दीर्घिका जितकी मंद दिसेल तितकी ती दूर, असा हा सरळ हिशेब होता. त्यातील मूळ गृहीतकच तपासायला हवे, हे आग्रहाने सांगितले ते बिअ‍ॅट्रिस टिन्सली या तरुण संशोधिकेने.

बिअ‍ॅट्रिस हिल यांचा जन्म २७ जानेवारी १९४१ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. महायुद्ध संपल्यावर हे कुटुंब न्यूझीलंडला गेले. वडील धर्मोपदेशक होते आणि पुढे न्यू प्लिमथ शहराचे महापौर झाले. बिअ‍ॅट्रिस यांना गणिताइतकीच व्हायोलिनची ओढ होती. ख्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६१ मध्ये सहाध्यायी ब्रायन टिन्सली यांच्याशी विवाह केला. पती विद्यापीठात नोकरीला असल्यामुळे तेथे काम करण्याची वाट त्यांना बंद झाली. १९६३ मध्ये पतीच्या नोकरीनिमित्त त्या अमेरिकेतील डॅलसला आल्या. पण तेथेही त्यांच्यासाठी जागा नव्हती. अखेर त्यांनी सुमारे तीनशे किलोमीटरवरील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्रवेश घेतला आणि सतत ये-जा करून तीन वर्षांच्या आत पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केला.

या प्रबंधाने दीर्घिकांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. एखाद्या गावाची लोकसंख्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून मांडावी, तशी त्यांनी दीर्घिकेतील ताऱ्यांची मांडली. वायूपासून तारे जन्मतात. मोठे निळे तारे लवकर संपतात, लहान तांबडे तारे अब्जावधी वर्षे तेवत राहतात. मरणारे तारे जड मूलद्रव्ये वायूत परत सोडतात. या साऱ्या घडामोडी संगणकावर टप्प्याटप्प्याने मांडून दीर्घिकेचा रंग व तेज काळानुसार कसे बदलेल, हे त्यांनी काढून दाखवले. हे काम १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. नवे तारे जन्माला घालणे थांबवलेल्या दीर्घिका हळूहळू मंदावत जातात, असा त्याचा निष्कर्ष. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश म्हणजे त्यांच्या तरुणपणाचा प्रकाश. त्या वेळी त्या अधिक तेजस्वी असतील, तर त्या मानल्यापेक्षा अधिक दूर असणार आणि अंतरांचा सारा हिशेब नव्याने करावा लागणार. सँडेज यांना हे सहजी पटले नाही. वाद दीर्घकाळ चालला.

१९७४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वर्ष ठरले. विश्व कायम प्रसरण पावत राहील, असे सुचवणारा निबंध त्यांनी रिचर्ड गॉट, जेम्स गन आणि डेव्हिड श्रॅम यांच्यासह त्याच वर्षी प्रसिद्ध केला. अ‍ॅनी कॅनन पारितोषिकही मिळाले. डॅलसमध्ये मात्र अनेक वर्षे काम करूनही त्यांना मानाचे पद मिळाले नव्हते. घरी दोन दत्तक मुले होती. संसार आणि संशोधन यांची ओढाताण असह्य झाली, तेव्हा त्यांनी घटस्फोट घेतला, मुलांना पतीकडे ठेवले आणि येल विद्यापीठाची वाट धरली. हा निर्णय सोपा नव्हता. त्याचे दुःख त्यांना अखेरपर्यंत सलत राहिले.

येलमध्ये त्यांची प्रतिभा फुलली. दीर्घिकांच्या टकरींमुळे ताऱ्यांचा जन्म एकाएकी वेग घेतो, हे त्यांनी रिचर्ड लार्सन यांच्यासह १९७८ मध्ये रंगांच्या अभ्यासातून दाखवले. त्याच वर्षी त्या येलमधील खगोलशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना त्वचेच्या कर्करोगाने गाठले. आजाराने उजवा हात निकामी झाल्यावर त्या डाव्या हाताने लिहू लागल्या. २३ मार्च १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. चौदा वर्षांच्या कारकीर्दीत त्यांच्या नावावर सुमारे शंभर शोधनिबंध जमा होते.

विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असावे, ही शक्यता त्यांनी गन यांच्यासह १९७५ मध्येच मांडली होती. ती दीर्घिकांच्या तेजावरून सिद्ध होणे शक्य नव्हते, कारण ते तेज बदलते हे त्यांनीच दाखवून दिले होते. १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून वेगवान प्रसरणाचा पुरावा मिळाला. अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्था त्यांच्या नावाने पारितोषिक देते आणि न्यूझीलंडमधील एक शिखर माउंट टिन्सली या नावाने ओळखले जाते. आज कोणत्याही दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिचे वय काढताना शास्त्रज्ञ ताऱ्यांच्या जन्म-मृत्यूचा तोच ताळेबंद मांडतात. टिन्सली यांचे खरे स्मारक तेच आहे.