शब्दाला नको, वाक्याला विचारा!

मराठी शिकणाऱ्या एखाद्या परप्रांतीय मित्राने तुम्हाला विचारलं, की ‘लागणे’ म्हणजे काय, तर काय सांगाल? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, नाद लागतो, डोळा लागतो आणि कॉलेजला पोचायला दीड तास लागतो. शब्द एकच, पण अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण शेजारचा शब्द आपल्याला अर्थ सांगून टाकतो.

मातृभाषेत आपण हे न कळत करतो. इंग्रजीचा पेपर समोर आला की मात्र विसरतो. रिकाम्या जागेसाठी चार पर्याय, चारही एकमेकांच्या चुलत भावांसारखे, आणि आपण डोकं खाजवत पाठ केलेली यादी आठवत बसतो. खरं तर उत्तर बहुतेक वेळा समोरच्या वाक्यातच असतं. हे तत्त्व धरून एका माणसाने आयुष्याची ३६ वर्षं काढली आणि त्यातून जगातला सगळ्यात नावाजलेला इंग्रजी शब्दकोश उभा राहिला. कोश ऑक्सफर्डचा आणि माणसाचं नाव जेम्स मरे.

शिंप्याचा पोरगा

मरेचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७चा, स्कॉटलंडमधल्या डेनहोम या खेड्यातला. वडील शिंपी. पुढे शिकवायची ऐपत नव्हती, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. शिकणं मात्र सुटलं नाही. पठ्ठ्या सतराव्या वर्षी शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी मुख्याध्यापक!

भाषांचं तर त्याला वेडच होतं. गावातल्या गाईंना लॅटिन नावांनी हाक मारून बघायचा, असा किस्सा सांगतात. नवी भाषा शिकायची त्याची युक्ती साधी होती. बायबल त्याला चांगलं ठाऊक होतं. तेच बायबल अनोळखी भाषेत मिळवायचं आणि वाचायला बसायचं. मजकूर माहीत असल्यामुळे कुठल्या शब्दाचा अर्थ काय असणार, हे संदर्भावरून उलगडत जायचं. चिनी लिपीशीही त्याने अशीच ओळख करून घेतली. थोडक्यात, कोशकार होण्याच्या कितीतरी आधीपासून तो वाक्यातून शब्दाकडे जात होता.

पुढचा काळ कठीण गेला. लग्नानंतर तान्हं मूल दगावलं. बायकोला क्षय झाला. तिला स्कॉटलंडची थंडी सोसेना म्हणून मरे लंडनला आला आणि चार्टर्ड बँक ऑफ इंडियामध्ये कारकून म्हणून चिकटला. बायको तरीही वाचली नाही. १८६६ साली त्याने ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीसाठी अर्ज केला. थोड्याफार येणाऱ्या भाषांची यादीच त्याने त्यात दिली होती. तिच्यात इटालियन, फ्रेंच, जर्मन, रशियन, हिब्रू, अरबी यांच्याबरोबर संस्कृतही होती. नोकरी मिळाली नाही. पुन्हा लग्न झालं, १८७०मध्ये तो मिल हिल इथल्या शाळेत शिक्षक झाला आणि बाहेरून परीक्षा देऊन १८७३ साली, म्हणजे वयाच्या छत्तिशीत, लंडन विद्यापीठाचा बीए झाला.

दोन टन चिठ्ठ्या

इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास सांगणारा कोश हवा, ही कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीची. ती निघाली १८५७ साली. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज तिशीतच वारला. दुसरा, फर्निव्हल, उत्साही होता पण चिकाटी कमी. १८७९मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्याने मरेशी करार केला. दहा वर्षांत चार खंड, असा अंदाज होता. आधीच्या लोकांनी जमवलेला माल त्याच्या ताब्यात आला. किती? सुमारे दोन टन कागदाच्या चिठ्ठ्या! एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरीण पिल्लांसकट राहत होती. ‘एच’ अक्षराच्या चिठ्ठ्या थेट इटलीत फ्लॉरेन्सला सापडल्या.

मरेने शाळेच्या आवारात पत्र्याची एक शेड उभारली आणि तिला भारदस्त नाव दिलं, स्क्रिप्टोरियम. आत चिठ्ठ्यांसाठी हजारावर कप्पे. मग त्याने वाचकांना जाहीर आवाहन केलं, की पुस्तकं वाचा आणि शब्द पाठवा. पण नुसता शब्द चालणार नव्हता. चिठ्ठीच्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि तो शब्द ज्यात आला आहे ते अख्खं वाक्य, असा साचा ठरला. नेहमीच्या शब्दांची वाक्यंही भरपूर पाठवा, असं त्यात बजावलं होतं. त्यातही ज्या वाक्यावरूनच शब्दाचा अर्थ उमगतो, अशी वाक्यं खास हवी होती. आज आपण ज्याला ‘कॉन्टेक्स्ट क्लू’ म्हणतो, तेच मरे पोस्टाने मागवत होता.

तरी लोक वळणावर गेलेच. ज्याला त्याला अवघड, नवलाईचे शब्द पाठवायची हौस. ‘अब्यूज’ हा रोजचा शब्द, त्याच्या चिठ्ठ्या पाचसुद्धा नाहीत आणि ‘अब्यूजन’ या कुणीच न वापरणाऱ्या शब्दाच्या जवळजवळ पन्नास! आपणही शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून असंच करतो ना? न लागणारे जडजंबाळ शब्द पाठ, आणि रोजच्या शब्दाची दुसरी-तिसरी छटा आली की अडतो.

चिठ्ठ्यांचा डाव

एखादा शब्द हातात घेतला की त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या. अर्थ आधी ठरवायचा नाही. एकेक वाक्य वाचायचं आणि सारख्या अर्थाच्या चिठ्ठ्यांची गड्डी करायची. एखादी कुठेच बसत नसेल तर नवी गड्डी. मग प्रत्येक गड्डी सालाप्रमाणे लावायची. व्याख्या लिहायची ती सगळ्यात शेवटी. ‘नाइस’ हा शब्द चौदाव्या शतकाच्या आसपास ‘मूर्ख’ या अर्थाने वापरत, हे असंच वाक्यांच्या साखळीतून कळतं.

आपल्यासाठी जवळचं उदाहरण घेऊ. बँकेने लोन ‘सँक्शन’ केलं म्हणजे परवानगी दिली. एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले म्हणजे निर्बंध घातले. अर्थ जवळपास उलटे! शब्द पाठ असून उपयोग नाही. पैसे देणारी बँक आहे की ‘लादले’ हे क्रियापद आहे, हे बघावं लागतं. पेपरातही तेच करायचं. ‘पण’, ‘तरीही’ आलं तर विरुद्ध अर्थाचा शब्द शोधायचा. ‘म्हणून’ आलं तर कारणाशी जुळणारा. आणि बोलणारा कोण, काळ कुठला, हेही बघायचं. मरेच्या चिठ्ठीवर साल आणि लेखक उगाच नव्हते.

पण एकच वाक्य बघून उडी मारली तर? कवी रॉबर्ट ब्राउनिंगचं काय झालं बघा. १६६०च्या एका जुन्या कवितेत कार्डिनलची टोपी आणि नन यांच्या शेजारी एक शब्द त्याला दिसला. त्याने अंदाज बांधला, की हे ननच्या पोशाखातलंच काहीतरी असणार. १८४१ साली त्याने तो शब्द आपल्या काव्यात बिनदिक्कत वापरला. प्रत्यक्षात ती स्त्रीच्या शरीराबद्दलची अश्लील शिवी होती! ही चूक कोशात रीतसर नोंदली आहे. म्हणूनच मरेला एका शब्दाला एक चिठ्ठी पुरत नसे. संदर्भ दिशा दाखवतो, खात्री करायला आणखी चार वाक्यं लागतात.

अनोळखी मदतनीस

१८८४ साली पहिला भाग निघाला, ३५२ पानांचा. पाच वर्षं झाली होती आणि गाडी ‘ए’वरून ‘अँट’पर्यंतच आली होती. पुढच्या वर्षी मरे ऑक्सफर्डला गेला. तिथल्या घराच्या बागेत नवी शेड बांधली, पण शेजाऱ्याने तक्रार केल्यामुळे ती दोन-तीन फूट जमिनीत गाडावी लागली. आत कायमची ओल. पाय गार पडू नयेत म्हणून मरे ते खोक्यात घालून बसायचा. पत्रं इतकी यायची-जायची, की पोस्टाने दारासमोर खास पेटी बसवली. मरेला अकरा मुलं. चिठ्ठ्या लावून देण्याबद्दल त्यांना खाऊला पैसे मिळायचे.

मदत करणाऱ्यांत काय एकेक माणसं होती! फिट्झएडवर्ड हॉल हा अमेरिकन पंडित एकेकाळी बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवायचा. कोशाची मुद्रितं तो वर्षानुवर्षं रोज काही तास तपासत राहिला, एक पैसा न घेता. डॉ. विल्यम मायनर हा अमेरिकन लष्करातला सर्जन. मानसिक आजाराच्या भरात त्याच्या हातून एक निरपराध माणूस मारला गेला होता आणि तो ब्रॉडमूरच्या बंदिस्त रुग्णालयात होता. खोलीतल्या पुस्तकांतल्या शब्दांच्या त्याने सूची केल्या होत्या. मरे ज्या शब्दावर अडला असेल, नेमकी त्याचीच वाक्यं मायनर पाठवायचा. मरे त्याला भेटायला जात असे, आणि ही मैत्री टिकली.

टी अक्षरापाशी

१९०८मध्ये मरे ‘सर’ झाला. ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश संपवायचा त्याचा विचार होता. ते झालं नाही. २६ जुलै १९१५ रोजी तो गेला, तेव्हा काम ‘टी’ अक्षरावर होतं. कोश पुरा झाला १९२८ साली. दहा वर्षांचं काम जवळपास पन्नास वर्षांवर गेलं. त्यात ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांहून जास्त वाक्यं. पंधरा हजारांवर पानं, त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या मरेच्या संपादनाखालची.

चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या या माणसाने शब्दांचा अर्थ कधी मनाने ठरवला नाही. तो वाक्याला विचारत गेला. पुढच्या पेपरात चार पर्याय समोर आले की आधी पर्यायांकडे बघू नका. वाक्य दोनदा वाचा. रिकाम्या जागेत काय हवंय, हे ते स्वतःच सांगेल.