न्यायमूर्ती रानडे

नाशिक जिल्ह्यातील निफाड या गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीस असल्यामुळे माधवरावांचे बालपण कोल्हापुरास गेले. लहानपणी ते इतके अबोल व संथ होते की, या मुलाचे पुढे कसे होणार, अशी घरच्यांस चिंता वाटे. पुढे मुंबईस याच मुलाने इतके वाचन केले की, त्याचे डोळे कायमचे अधू झाले.

१८७१ मध्ये ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. दिवसा कचेरीत निवाडे करावे आणि उरलेला वेळ सार्वजनिक सभेच्या कार्यास द्यावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

१८७३ मध्ये त्यांची प्रथम पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे माधवराव स्वतः विधवेशीच विवाह करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. लोकांनी टीका केली. ती अगदीच अस्थानी नव्हती. विवाह होताच त्यांनी रमाबाईंस शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे खपत नसे. रमाबाईंना पुष्कळ बोल सोसावे लागले. माधवराव कोणाशी भांडले नाहीत, पण शिकवणीही त्यांनी थांबविली नाही.

सरकारी नोकराने लोकांची गाऱ्हाणी मांडावी, हे इंग्रज सरकारला रुचले नाही. त्यांची प्रथम नाशिकला व १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. त्याच सुमारास वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले होते. धुळ्यास माधवरावांची पत्रे टपालातच फोडून वाचली जात. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही त्यांना येऊ लागली. एखादा घाबरून ती जाळून टाकता. माधवरावांनी ती जशी आली तशी पोलिसांकडे धाडली. अखेर सरकारचा संशय फिटला.

१८८१ पासून कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या निमित्ताने त्यांनी गावोगावची न्यायालये तपासली. १८९३ मध्ये ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये सामाजिक परिषदेसाठी ते आपल्या वऱ्हाडात, अमरावतीसही आले होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे रमाबाईंनी पुण्यास सेवासदनाची धुरा उचलली आणि १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्त्रियांच्या शिक्षणाचे कार्य चालविले.