शिंगाळ्याला नाव देणारा कर्नल

गंगाखेडच्या बाजारात गोदावरीचा शिंगाळा तराजूवर चढतो, तेव्हा विकणारा आणि घेणारा दोघेही त्याला शिंगाळाच म्हणतात. गंमत अशी, की प्राणिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतही तो शिंगाळाच आहे. 'सीनघाला' असा जरा बोबडा झालेला, एवढेच. आपल्या भोयांच्या तोंडचा शब्द तिथवर नेणारा माणूस म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साईक्स.

जन्म १७९० सालचा, यॉर्कशायरमधला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ते पोरवयातच शिरले. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध लढले, हे आपण विसरायचे कारण नाही. पण १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर निराळेच काम सोपवले. जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करायची. जमीन, पिके, माणसे, पाऊसपाणी लिहिता लिहिता साईक्स पक्ष्यांकडे आणि माशांकडे वळले.

१८२९ च्या अखेरीस सरकारने ते पदच मोडीत काढले. साहेबांनी रजा टाकली आणि बिनपगारी खपून जानेवारी १८३१ मध्ये काम पुरे केले. पद गेल्यावर फाईल पुरी करणारा अधिकारी माझ्या बँकेतल्या सबंध नोकरीत मला भेटला नाही.

दख्खनच्या माशांवरचे त्यांचे लेखन १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. भीमा आणि मुळा-मुठेच्या परिसरातले चाळीसहून अधिक मासे त्यात आहेत. नावे ठेवताना साहेब लॅटिनच्या फार मागे लागले नाहीत. महाशीर कुळातल्या एकाला 'खुद्री' म्हटले. नाकाडावर खाच असलेल्या 'नुक्ता'त आपला नकटा सहज ओळखू येतो. एकाचे नाव तर 'पोटेल'. पाटील हा शब्द त्या काळचे इंग्रज असाच लिहीत!

नदीची तब्येत पाहायची तर बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेतात. ते पाणी त्या घटकेपुरते बोलते. रात्री कुणी मळी सोडली आणि सकाळी ती वाहून गेली, तर बाटलीला पत्ता नसतो. मासे आणि दगडाखालचे किडे मात्र तिथेच राहतात, सगळे सोसतात. नाजूक जाती आधी जातात. चिखलातल्या तांबड्या अळ्या तेवढ्या माजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तळाच्या जीवांवरून पाण्याच्या पाच प्रती ठरवल्या आहेत. पण काय गेले हे कळायला आधी काय होते ते माहीत हवे. आमच्या भाषेत, आरंभीची शिल्लक. पुण्याच्या अभ्यासकांना मुळा-मुठेची ती शिल्लक साईक्सांच्या यादीत मिळाली.

साहेब पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात गेले आणि १८७२ मध्ये लंडनला वारले.

परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात. साईक्सांची वही आपल्या गोदाकाठी उघडली नाही. पुढे पूर्णेवर येलदरी झाले, वर पैठणला १९७६ मध्ये जायकवाडी उभे राहिले, मग ढालेगाव-मुदगलचे बंधारे आले. प्रत्येक भिंतीने पाण्याची वाट अडवली, माशांचीही. किती जाती उणावल्या, याचा हिशेब मांडायला जुनी खतावणीच हाती नाही.

पाथरीपासून पूर्णेपर्यंत जाळे टाकत म्हातारी झालेली माणसे अजून आहेत. कोणता मासा कुठल्या डोहात मिळे आणि केव्हापासून मिळेनासा झाला, हे ती बोटांवर मोजून सांगतात. साईक्ससाहेबांच्या वहीतली नावेही अशाच माणसांच्या तोंडची होती.